सगळ्या डोंगराला चालणारी फळी

७ नोव्हेंबर १९८२, रविवार

आज पुण्याच्या जुन्या बाजारातून बर्फावर घसरायच्या परदेशी फळ्यांची एक जोडी आणली. खरी किंमत आजच लिहून ठेवतो, कारण उद्यापासून मी ती कमी करून सांगणार आहे. विकणाऱ्यानं सत्तर सांगितले, मी चाळीसला उचलल्या. एवढं चारचौघांत सांगायचं. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं, तेही भरभक्कम, कारण फळ्यांनी माझ्यापेक्षा जास्त जागा घेतली होती. भूगावच्या वळणावर एक टोक एका बाईच्या अंड्यांच्या पाटीत घुसलं. अंडी मी भरून दिली. त्याच वळणावर दुसऱ्या टोकानं एका गुरुजींची टोपी उडवली ती थेट खिडकीबाहेर. टोपी सापडेपर्यंत गाडी थांबली, आणि तेवढा वेळ गाडीतल्या लोकांना माझ्याकडे बघण्याखेरीज काही काम नव्हतं. घरी आलो तेव्हा बायकोनं, रोशनबीनं, फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "जेवताय का?" एवढंच म्हणाली. सगळ्यात महाग ते पडलं.

आता हे सगळं कशासाठी, ते. मंगळवारी पिरंगुटच्या हॉटेलात चहा पीत होतो. माझी लाकडाची वखार मी कानांवर उभी केली आहे. ओंडक्याला टिचकी मारली की आत गाठ आहे का पोकळ, ते मला कळतं. आणि मागच्या टेबलावर काय चाललंय तेही. मागं पुण्याची गिर्यारोहक मंडळी बसली होती. त्यांचे पुढारी सरपोतदारसाहेब म्हणत होते, की जानेवारीत काश्मीरला बर्फावर जायचं, त्याआधी कोरड्या गवतावर सराव करायला एक उतार हवा, दरवर्षी हवा, रीतसर भाड्यानं. "पण मालक खेळातला पाहिजे. नाहीतर एक पोरगा पडला की तो शेताच्या बांधावर उभा राहून बोंब मारणार."

मी खुर्ची फिरवली.

भरे गावाच्या वर माझा एक माळ आहे. चार वर्षांपूर्वी हैबतरावाकडून घेतला. दोन वर्षांत दुपटीनं जाईल असं सांगून रोशनबीच्या चारही पाटल्या त्यासाठी मोडल्या. तेव्हापासून त्यावर गवत सोडून काही उगवलेलं नाही, आणि भऱ्याचे लोक त्याला पाटलीमाळ म्हणतात.

सरपोतदारांना मी सांगितलं, "खेळातला म्हणजे काय, मी स्वतः घसरतो. फळ्यांवर उभा राहून डोंगर उतरलेला या मुळशी तालुक्यात मी एकटा."

यात खोटं फार थोडं आहे. दुसरा कोणी उतरलेला नाही, हे तर खरंच.

साहेब खूश झाले. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, मंडळींसह येणार. मी वरून खालपर्यंत उतरून दाखवायचं. पटलं तर कागद करायचा, आणि पहिल्या वर्षाचं भाडं जागेवर. त्यात पाटल्या परत येतात. रोशनबीला तसा शब्द देऊन बसलोय.

९ नोव्हेंबर, मंगळवार

भऱ्याच्या कोंडाजीला बोलावून घेतलं. तो लष्करात खानसामा होता, सहा वर्षं काश्मिरात. घसरला कधी नाही, पण घसरणाऱ्यांना जेवू घातलंय. त्यानं एक फळी उभी केली आणि मला तिच्याशेजारी हात वर करून उभं केलं.

"टोक मनगटाला लागलं पायजे. हे तर वीतभर वर गेलं. शेठ, ही फळी तुमच्या मापाची न्हाई."

"लांब असली म्हणून काय झालं?"

"लांब फळी पळती लई, पर वळत न्हाई. आखूड वळती, पर पळताना थरथरती. तुमचा डोंगर कसा हाय? वर गवत, मधी मुरूम, मग कारवी, खाली भाताची खाचरं. सगळ्या डोंगराला एकच फळी पायजे म्हनल्यावर मधली बघावी लागती. टोकाला रुंद, कमरंला बारीक."

मग पाय बांधायचं लोखंड. याला बायंडिंग म्हणतात. पुढं पंजा धरणारा चिमटा, मागं टाचेभोवती तारेचा फास. चिमट्यात स्प्रिंग, स्प्रिंगला पेच, पेचावर पाच रेघा.

"फळी चुकली तर मानूस सावकाश जातो," कोंडाजी म्हणाला. "हे चुकलं तर हाडवैद्याकडं जातो. मानूस पडला की यानं पाय सोडला पायजे. ढिलं ठेवलं तर उगंच सोडतं, आवळलं तर सोडतच न्हाई. कितव्या रेघंवर ठेवायचं ते वजनावर, वयावर, आन मानूस कसा हाय त्याच्यावर. भित्रा, मधला, का आडदांड?"

"आडदांड," मी म्हणालो.

"समदे त्येच म्हनत्यात. आमच्या पलटणीत समदे आडदांडच व्हते. दवाखान्यात जागा मिळायची न्हाई."

मी पेच पाचव्या रेघेवर नेला. रोशनबी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आन बाईमानसाला कितवी रेघ?"

"दुसरी," कोंडाजी म्हणाला.

"तुला काय करायचंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. इचारलं."

कोंडाजी गेल्यावर मापाचा विचार करत बसलो. रोशनबी माझ्याहून वीतभर उंच आहे. लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे, हे त्या फोटोग्राफरला आणि आता या डायरीलाच माहीत.

११ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे कोणी उठायच्या आत माळाच्या पायथ्याशी गेलो. बूट अडकवले. उभा राहिलो. बसलो. पुन्हा उभा राहिलो. फळ्यांची टोकं आपसात भेटली, मागची टोकं दुरावली, आणि मी मधे राहिलो. पायथ्याला उतार असा नाहीच, तरी पडता येतं. पाचव्या रेघेवरचं लोखंड पाय सोडत नाही. पाय पिळला की फळी फिरते, फळी फिरली की दुसरी फळी तिच्यावर चढते. सुटायला गड्याला हाक मारावी लागली असती, म्हणून अर्धा तास आभाळ बघत पडून राहिलो. घार छान दिसली.

सुरुवात म्हणून वाईट नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

एक चमत्कारिक गोष्ट. काल फळ्या वखारीमागच्या पडवीत ठेवल्या तेव्हा पेच पाचवर होता, मी स्वतः आवळलेला. आज सकाळी पाहतो तर दोनवर. शिवाय टाचेचा फास दोन बोटं आखडलेला. माझा बूट बसेना. रात्री थंडी होती. लोखंड थंडीनं आखडतं, हे मी ऐकून आहे. पण यांनी बर्फावर वापरायची वस्तू अशी कशी बनवली? पुन्हा पाचवर नेला, फास सैल केला.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी. गडी रजेवर, वखार बंद. रोशनबी फराळाला म्हणून भऱ्याला रत्नाबाईकडे गेली. रत्नाबाई माझ्या माळावरचं गवत कापते आणि निम्मं मला देते. रोशनबी दुपारी गेली ती दिवेलागणीला आली. पाठीवर सगळी कुसळं.

"हे काय?"

"रत्नाबाईच्या ओट्यावर गवत पसरलं हुतं. तितंच बसले."

"ओट्यावर बसून पाठीला कुसळं?"

"टेकून बसले."

चकल्या चांगल्या होत्या. पेच पुन्हा दोनवर. आता दिवसासुद्धा आखडतो.

माझा खाकी लेंगा सापडत नाही. मुलगा पुण्याला वसतिगृहात असतो, त्याचे परेडचे जुने बूट मोरीत धुऊन ठेवलेले दिसले. तो तर महिनाभर आलेला नाही. या घरात स्वच्छता जास्त होते आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

पिरंगुटला भैरू लोहाराला बायंडिंग दाखवलं. तो म्हणाला, "लोखंड आखडतं, व्हय. पर पेच आपला आपन फिरल्याला मी काय बघितला न्हाई."

"परदेशी लोखंड आहे."

"मंग आसंल," भैरू म्हणाला, आणि कामाला लागला. जाणकार माणूस आहे, पण त्याची नजर विळ्या-कोयत्यांपुढं जात नाही.

हॉटेलात हैबतराव भेटला. माझा माळ विकून मोकळा झाल्यापासून त्याचा माझ्यावर फार जीव आहे. "फकरूशेठ, अठ्ठावीसला तुमी पाटलीमाळावरनं उडी टाकनार म्हनं."

"उडी नाही. उतरणार."

"त्येच की. समदं गाव येनार हाय. शेंगा भाजून ठिवल्यात."

गावभर झालं. आता मागं फिरता येत नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार

निर्णय घेतला. रात्रीतून ढिल्या पडणाऱ्या लोखंडावर मी पाटल्या लावणार नाही. फळी माझी मीच करणार. लाकूड म्हणजे माझं राज्य.

सागाला टिचकी मारली. सरळ माणूस, पण वाकायला तयार नाही. शिसव जड. आंबा पाणी पितो. शेवटी धामणाचं लाकूड घेतलं. कावडीला धामणच लागतं. दोन घागरी घेऊन वाकतं आणि परत सरळ होतं. मनगटापर्यंत माप, टोकाला रुंद, कमरेला बारीक. भात उकडायच्या हंड्यात टोकं दोन तास शिजवली आणि दगडाखाली वाकवून ठेवली. तळाला मेण. रोशनबीनं हंडा मागितला तेव्हा त्यातून फळी बाहेर आली. तिनं ती बाजूला ठेवली आणि हंडा घासायला घेतला. आठ-दहा दिवस ती खूपच कमी बोलते आहे, आणि जेवते मात्र दुप्पट.

बायंडिंगचंही सुचलं. बैलाच्या गळ्यातलं जोतं, म्हणजे जुवाचा पट्टा, आपण सुरगाठीनं बांधतो. बैल बसला, पाय घसरला, की टोक ओढायचं आणि जू मोकळं. शेकडो वर्षांचं बायंडिंग आपल्याकडे आहे आणि आपण ते बैलाच्या मानेवर ठेवून दिलंय. चामड्याची चार जोती आणली. दोन पंजाला, दोन टाचेला. पडलो तर टोक ओढायचं. यात रेघ नाही, पेच नाही, थंडीनं आखडायचं कारण नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

वखारीच्या अंगणात भुशावर चालून पाहिलं. जोती छान धरतात. भुसा थोडा असल्यामुळे घसरणं झालं नाही, पण उभं राहणं झालं. चांगलं अर्धं मिनिट.

रोशनबी कपडे वाळत घालता घालता बघत होती. म्हणाली, "अवो, ती लोखंडी बरी हायेत. दुसऱ्या रेघंवर ठिवली तर पडल्यावर लगीच सुटत्यात."

"तुला कसं ठाऊक?"

"कोंडाजी म्हनला न्हवं."

मी तिला परदेशी लोखंड आणि थंडी यांचा संबंध समजावून सांगितला. भैरूचंही सांगितलं. उरलेले कपडे तसेच टाकून ती आत गेली. आतून आवाज आला. दुसऱ्या कोणाला ते हसणं वाटलं असतं. माझे कान तयार आहेत, तो खोकला होता. सुंठ घे म्हणून सांगितलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पडायची नाही, पडायची आता सवय झाली. मी दगडी कोळशाची पोती उचलून सुरुवात केली, तिथून वखारीपर्यंत आलो, आणि या सगळ्या प्रवासात रोशनबीनं माझ्याकडे एकदाही काही मागितलं नाही. पाटल्या मीच मागितल्या. तिनं साबण लावून हातातून काढल्या आणि दिल्या. त्या दिवसापासून तिचे हात भांडी घासताना वाजत नाहीत. मोठे कान असणं प्रत्येक वेळी चांगलं नसतं.

संध्याकाळी पडवीत गेलो तर परदेशी फळ्या गायब. चोरी. उद्याचं आटोपलं की चौकीवर जाईन. रोशनबीला सांगितलं, तर म्हणाली, "जाऊ द्या. गरजवंतानं नेल्या आसतील." मोठ्या मनाची बाई.

२८ नोव्हेंबर, रविवार

उजवा हात दुखतोय, तरी आजचं आजच लिहितो.

सरपोतदार पाच जणांना घेऊन आले, एकाच्या गळ्यात कॅमेरा. सगळं भरे गाव खाचरांच्या बांधांवर बसलेलं. हैबतराव शेंगांसह मधोमध. रोशनबी दिसली नाही. रत्नाबाईबरोबर वर गवतात असेल असं कोणी म्हणालं. तिला बघवणार नाही, असं मी समजलो.

वर माझ्याबरोबर कोंडाजी होता. गवत दवानं ओलं. जोती बांधली, सुरगाठी मारल्या.

"शेठ, आजून येळ हाय. पोटात दुखतंय म्हना."

"कोंडाजी, सोड मला."

"मी कुटं धरलंय? तुमीच माझं मनगट धरलंय."

मी त्याचं मनगट सोडलं.

पहिले काही हात मी उभा होतो. याला कोंडाजी साक्षी आहे. मग धामणानं आपला गुण दाखवला. फळ्या वाकल्या, परत सरळ झाल्या, आणि मी त्यांच्या मागच्या टोकांवर बसलो. गवतावर बसून आलो. मुरमावर एका कुशीवर. कारवीत उलटा, म्हणजे वर कोंडाजीकडे बघत. जोत्याची टोकं ओढली. दवानं चामडं फुगलं होतं आणि सुरगाठीची पक्की गाठ झाली होती. फळ्या काही पाय सोडेनात. सगळ्या डोंगराला चालणारी फळी मी केली होती, एवढं खरं. ती सगळ्या डोंगरावर चालली. पहिला बांध ओलांडला तेव्हा हैबतरावानं शेंगा उचलून घेतल्या, आणि मी रत्नाबाईच्या गवताच्या गंजीत डोकं खाली, पाय वर असा जाऊन थांबलो.

आत शांत होतं. हात अडकलेले, तोंडात कुसळं, पण कान मोकळे. आधी सगळे गप्प झाले. मग कुठून तरी लांब, एकसारखा सर्रर्र असा आवाज. मग कोणी तरी "आता गं बया" म्हणालं. आणि मग टाळ्या. थांबेचनात. "पुन्हा एकदा" असंही कोणी ओरडलं. मला भरून आलं. इतकं वाईट झालं नसावं, असं वाटलं. उतारात जोर दिसला असेल. बाहेर पडल्यावर दोन शब्द बोलावेत म्हणून मी मनात जुळवाजुळव सुरू केली.

पायाशी कोणी तरी आलं. "हलू नका," रोशनबीचा आवाज. तिनं विळ्यानं जोती कापली आणि मला पायांना धरून बाहेर ओढलं.

रोशनबी. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली माझा खाकी लेंगा, पायात मुलाचे परेडचे बूट. शेजारी परदेशी फळ्या काढून ठेवलेल्या, तळ अजून ओला.

"कुटं लागलं?"

"कुठं नाही. या फळ्या चोरीला गेल्या होत्या."

"व्हय. मीच न्हेल्या."

"तू वरून आलीस?"

"तुमी थांबंनात, म्हनून आले."

एवढ्यात सरपोतदार धावत आले. माझ्याकडे पाहून हात जोडले. "फकरुद्दीनशेठ, घरात दोघं आहात हे बोलला नाहीत."

मी केसांतलं गवत काढलं. "साहेब, शिकवायचं तर दोन्ही दाखवावं लागतं. कसं उतरू नये ते आधी मी दाखवलं."

साहेब हसले. विश्वास बसला नाही, पण आवडलं. मग रोशनबीला विचारलं, "बाई, पेच कितीवर ठेवलाय?"

"दोनवर."

"बरोबर. आमची मुलं पाचवर ठेवतात."

"आमच्याकडं बी हायेत तसले," रोशनबी म्हणाली.

तिला तीनदा पुन्हा उतरायला लावलं. कॅमेरेवाल्याचं रीळ संपलं. मी बांधावर हैबतरावाशेजारी शेंगा खात बसलो.

३० नोव्हेंबर, मंगळवार

आज ती पोळ्या करत असताना विचारलं.

"कधीपासून?"

"तुमी पहिल्यांदा पडून आलात त्या दिसापासनं. तुमी वखारीत गेलं की मी आन रत्नाबाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी पेच पाचवर न्यायचा, मी दोनवर आनायची. सांगितलं आसतं तर मला बी पाचवर घालून ढकलली आसती."

हे खरं आहे, म्हणून पुढचं विचारलं. "पण तुला हे सुचलं कसं?"

तिनं पोळी उलटली. "त्या सायबाला तुमी सांगून आलात, तवाच मला कळलं की तुमी पडनार. मानूस पडला तर पडला, उचलता येतो. पाटल्या दुसऱ्यांदा जायला नको व्हत्या."

"तू पडली नाहीस?"

"लई. रत्नाबाई हसून हसून लोळली. मंग ती चढली फळ्यांवर, मंग मी लोळले."

म्हणजे रत्नाबाईही. मी पोळी खात राहिलो. माझ्या पडवीतून रोज दोन बायका सात फुटी फळ्या घेऊन जातात आणि आणून ठेवतात, आणि टिचकीवर लाकूड ओळखणाऱ्या माणसाला पत्ता नाही. पेच आपोआप फिरतो, हे मला जास्त पटलं.

"आन तो लेंगा," ती म्हणाली, "गुडघ्यात फाटलाय. आता माझ्याकडंच राहू द्या."

१२ डिसेंबर, रविवार

कागद झाला. जमीनमालक म्हणून सही माझी. शिकवणार म्हणून मंडळानं रोशनबीचं नाव घातलं, हाताखाली रत्नाबाई. सोमवारी दोघं पुण्याला सराफाकडे जाऊन आलो. तिनं चार पाटल्या घातल्या, हात दोनदा हलवून पाहिला, आणि येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही, ऐकत होतो.

आज सरावाचा पहिला दिवस. पुण्याची नऊ पोरं आली. प्रत्येकानं आपण आडदांड असल्याचं सांगितलं आणि रोशनबीनं एकेकाचा पेच दोनवर आणला. माझं काम त्यांच्या फळ्या वर नेऊन द्यायचं. दुपारी हॉटेलात एका ट्रकवाल्यानं विचारलं, "तालुक्यात पहिल्यांदा डोंगर उतरलेले फकरूशेठ तुमीच का?" मी चहा मागवला आणि माळाचं क्षेत्रफळ सांगितलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रोशनबीच्या फळ्या घातल्या, पेच दोनवर, आणि अर्ध्या उतारावरून निघालो. उभ्यानं मी अजून एकदाही खाली पोचलेलो नाही.